पीएमईच्या परिषदांचा इतिहास: सारखे विचारले जाणारे प्रश्न

बोलताना मी 'पीएमईमध्ये यावर बरंच काम झालंय' असं म्हटलं की समोरचा विचारतो की ही काय भानगड आहे, मग मी सांगत बसते आणि चहा गार होतो. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. मी शाळेत गणित शिकवते, संशोधक नाही, आणि यातल्या एकाही परिषदेला प्रत्यक्ष गेलेली नाही, पण त्यांची जाडजूड प्रोसीडिंग्ज (म्हणजे परिषदेत मांडलेल्या पेपरांचे छापील खंड) वाचायचं व्यसन आहे.

पीएमई म्हणजे नक्की काय?

पूर्ण नाव इंटरनॅशनल ग्रुप फॉर द सायकॉलॉजी ऑफ मॅथेमॅटिक्स एज्युकेशन. नाव ऐकून लोकांना वाटतं की गणिताची भीती घालवणारे समुपदेशक असतील, तसं नाही. मुलं गणित कशी शिकतात, कुठे अडतात, अडतात तेव्हा त्यांच्या डोक्यात काय चाललेलं असतं आणि शिक्षक ते कसं ओळखतो, यावर काम करणाऱ्यांची ही संघटना आहे. १९७७ पासून जवळपास दरवर्षी, बहुतेक वेळा जुलैच्या आसपास, कुठल्यातरी देशात हे सगळे जमतात.

म्हणजे गणितज्ञांची ती मोठी काँग्रेस, हैदराबादला झालेली, तीच ना?

नाही. २०१० साली हैदराबादला झाली ती गणितज्ञांची, तिथे फील्ड्स मेडल देतात. गणित *शिक्षणाची* मोठी काँग्रेस वेगळी, तिला आयसीएमई म्हणतात, ती चार वर्षांनी भरते. पीएमई ही त्या आयसीएमईच्या पोटी जन्मलेली, दरवर्षीची.

सुरुवात कशी झाली?

यासाठी थोडं मागे जावं लागेल. १९५७ ला रशियाने स्पुटनिक सोडला आणि अमेरिकेला एकदम वाटलं की आपली पोरं गणित-विज्ञानात मागे पडली, युरोपातही शाळेचं गणित 'आधुनिक' करायचं वारं आधीपासून वाहतच होतं, मग साठच्या दशकात 'न्यू मॅथ' आलं. लहान पोरांनाही संच, संबंध, रचना वगैरे. (आपल्या नववीच्या पुस्तकातला पहिला धडा संचांचा का, असं कधी वाटलं असेल तर त्याचं मूळ याच वाऱ्यात आहे.) हे अभ्यासक्रम बनवणारे गणितज्ञ मोठे होते पण सात-आठ वर्षांचं पोर विचार कसा करतं हे त्यांनी फारसं कुणाला विचारलंच नव्हतं.

या लाटेला जे ठामपणे नाही म्हणत होते त्यातले एक नेदरलँड्सचे हान्स फ्रॉयडेंथाल. ते गणितशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाचे अध्यक्ष असताना १९६९ ला फ्रान्समध्ये ल्योनला पहिली आयसीएमई भरली. दुसरी १९७२ ला इंग्लंडात एक्सेटरला, तिथे एफ्राइम फिशबाइन यांनी मानसशास्त्रावरचा एक गट चालवला. फिशबाइन मूळचे रोमानियाचे, नंतर इस्रायलला गेले, आयुष्यभर अभ्यास एकाच गोष्टीचा: अंतःप्रेरणा. म्हणजे पोराला (आणि मोठ्यालाही) 'हे असंच असणार' असं आतून जे वाटतं ते, मग ते बरोबर असो की चूक. त्या गटाला इतका प्रतिसाद मिळाला की १९७६ ला जर्मनीत कार्ल्सरूहेच्या तिसऱ्या आयसीएमईत पीएमईची रीतसर स्थापनाच झाली आणि फिशबाइन पहिले अध्यक्ष झाले.

पहिली परिषद कुठे झाली?

१९७७, उट्रेख्ट, नेदरलँड्स. फ्रॉयडेंथाल यांचंच गाव म्हणायला हरकत नाही. मग १९७८ जर्मनीत ओस्नाब्रुक, १९७९ इंग्लंडात वॉरिक.

वॉरिकला जरा थांबते, कारण रिचर्ड स्केम्प तिथले, फिशबाइननंतरचे अध्यक्ष. स्केम्प यांनी १९७६ साली एक छोटा लेख लिहिला, आजही बीएडवाल्यांना वाचायला लावावा असा. त्यांचं म्हणणं, 'समजलं' या शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात. एक, नियम माहीत आहे आणि उत्तर येतं. दोन, काय करायचं तेही माहीत आहे आणि का करायचं तेही. अपूर्णांकांचा भागाकार आला की 'उलटा करा आणि गुणा', हे पहिल्या प्रकारचं समजणं. आपल्याकडे वजाबाकीत 'शेजारून दहा उसने घे', पोर घेतं, उत्तर बरोबर येतं, पण हे दहा आले कुठून आणि शेजारच्याचा एकच का कमी झाला हे विचारलं की गप्प. स्केम्प यांची खरी काळजी पुढची होती: शिक्षक दुसऱ्या अर्थाने शिकवतोय आणि पोर (किंवा पालक) पहिल्या अर्थाने शिकायला बसलंय, तर दोघं एकाच वर्गात दोन वेगळे विषय शिकत असतात. पालकसभेत 'मॅडम, एवढं समजावण्यापेक्षा सरळ पद्धत सांगा ना' हे वाक्य ज्यांनी ऐकलंय त्यांना हे लगेच पटेल.

एखाद्या परिषदेचा नंबर सांगितला तर वर्ष कसं ओळखायचं?

सोपंय. वर्षातून १९७६ वजा करा. १९८६ ला दहावी, लंडन. २००६ ला तिसावी, प्राग. २०१९ ला त्रेचाळिसावी, प्रिटोरिया. त्यानंतर १९७७ वजा करायचे, कारण २०२० ची परिषद झालीच नाही. त्यामुळे २०२४ ला ऑकलंड ही सत्तेचाळिसावी.

२०२० ला काय झालं?

कोरोना, दुसरं काय. थायलंडमध्ये खोन केनला व्हायची होती, ती एक वर्ष पुढे गेली आणि २०२१ च्या जुलैत ऑनलाइन झाली. खोन केन विद्यापीठ म्हणजे जपानी 'लेसन स्टडी' थायलंडच्या शाळांत रुजवणारी मंडळी. एक धडा काही शिक्षकांनी मिळून आखायचा, एकाने शिकवायचा, बाकीच्यांनी मागे बसून मुलांकडे (शिक्षकाकडे नाही!) बघायचं आणि मग बसून चर्चा. वर्गात बसून बघायची गोष्ट ज्यांची ओळख, त्यांच्याच वाट्याला स्क्रीनवरची परिषद यावी. २०२२ ला स्पेनमध्ये अलिकांतेला लोक पुन्हा प्रत्यक्ष भेटले.

परिषदेची जागा कशी ठरते, काही पॅटर्न आहे का?

जे विद्यापीठ यजमानपद घ्यायला तयार होतं आणि संघटनेच्या समितीला पटतं, तिथे. पण एक पॅटर्न मला यादी चाळताना सापडला आणि तेव्हा फार मजा वाटली: ज्या वर्षी आयसीएमई असते त्या वर्षी पीएमई बऱ्याचदा तिच्या आजूबाजूलाच असते. १९८० ला दोन्ही बर्कलीला. १९८४ ला आयसीएमई ॲडलेडला, पीएमई सिडनीला. १९८८ ला बुडापेस्ट आणि हंगेरीतलंच वेस्प्रेम. १९९६ ला सेव्हिया आणि व्हॅलेन्सिया. २००८ ला मेक्सिकोत मॉन्तेरे आणि मोरेलिया. २०१२ ला सोल आणि तैपेई, २०२४ ला सिडनी आणि ऑकलंड. कारण अगदी घरगुती आहे, एवढं विमानाचं तिकीट काढून माणूस जगाच्या त्या टोकाला जाणार तर एका फेरीत दोन लग्नं उरकून येणार.

सगळ्या परिषदा युरोप-अमेरिकेतच होतात का?

सुरुवातीला हो, जवळपास. १९८३ ला इस्रायलमध्ये शोरेश, १९८४ ला सिडनी, १९९० ला मेक्सिकोत ओआश्तेपेक, ही अपवादातली नावं. खरा पसारा वाढला नव्वदच्या दशकात: १९९३ ला जपानमध्ये त्सुकुबा, १९९५ ला ब्राझीलमध्ये रेसिफे, १९९८ ला दक्षिण आफ्रिकेत स्टेलनबॉश. शेवटचं नाव वाचताना तारीख नीट बघा, वर्णभेदाची राजवट जाऊन जेमतेम चार वर्षं झालेली. नंतर सोल, तैपेई, सिंगापूर, अंकारा अशी नावं येत गेली, २०२५ ला चिलीत सांतियागो.

रेसिफेचं नाव तुम्ही सारखं घेता, तिथे एवढं काय आहे?

बरं झालं विचारलंत. रेसिफे हे ब्राझीलच्या ईशान्येचं गरीब-श्रीमंत असं मिसळलेलं बंदराचं शहर. तिथल्या विद्यापीठात तेरेझिन्हा नुनेस, डेव्हिड कॅराहर आणि ॲनालुसिया श्लीमन यांनी ऐंशीच्या दशकात एक अभ्यास केला, १९८५ ला छापून आला, आणि परिषद तिथे भरायच्या दहा वर्षं आधीच या सगळ्या वर्तुळात ते काम प्रसिद्ध झालेलं होतं.

केलं काय, तर रस्त्यावर नारळ, कलिंगडं, मक्याची कणसं विकणारी पाच मुलं, वयं ९ ते १५. संशोधक गिऱ्हाईक बनून गेले. एका बारा वर्षांच्या पोराला विचारलं, नारळ कितीला? ३५. दहा दे, किती झाले? आता आपल्याला वाटतं की पस्तीसला शून्य लावला की झालं. पोराने तसं केलं नाही. तीन नारळांचे १०५, आणखी तीन म्हणजे २१०, अजून चार पाहिजेत, मग ३१५, मग ३५०. तीन-तीनचे गठ्ठे का, तर विकताना त्याला तीनाचा भाव तोंडपाठ होता. शून्य लावायचा नियम त्याच्या कामाचा नव्हता.

नंतर याच मुलांना तीच गणितं कागद-पेन्सिल देऊन विचारली. रस्त्यावर ९८.२ टक्के उत्तरं बरोबर होती. शाब्दिक उदाहरण करून विचारल्यावर ७३.७ टक्के. नुसते आकडे मांडून 'सोडव' म्हटल्यावर ३६.८ टक्के. पोर तेच, आकडे तसलेच!

मुलं पाचच होती, त्यामुळे यावरून जगाचा सिद्धांत काढू नये हे मान्य. पण तोपर्यंत गरीब मुलं गणितात मागे कारण त्यांच्याकडे काहीतरी 'कमी' असतं असं छातीठोक बोलणाऱ्यांना या आकड्यांनी गप्प केलं. आपल्याकडे जुन्या लोकांना पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, अडीचकी पाठ असायची, बाजारात पावशेर-अडीचशेरचा हिशोब तोंडी व्हायचा, तेही याच जातीचं गणित. शाळेने ते बाहेर ठेवलं आणि मग मुलांना अपूर्णांक येत नाहीत म्हणून रडत बसली.

तिथे चार-पाच दिवस करतात तरी काय?

मुख्य गोष्ट रिसर्च रिपोर्ट. जास्तीत जास्त आठ पानं, आधी पाठवायची, इतर संशोधक ती तपासतात, बरीच परत येतात. स्वीकारलं तर मांडायला जितका वेळ जवळपास तितकाच चर्चेला, आणि हे मला फार आवडतं कारण आपल्याकडच्या सेमिनारमध्ये सत्कार, शाल-श्रीफळ आणि प्रास्ताविकातच चर्चेचा वेळ संपतो. शिवाय छोटी सादरीकरणं, पोस्टर, एकाच विषयावर वर्षानुवर्षं भेटणारे गट, मोठी व्याख्यानं. आणि मध्ये अर्धा दिवस सहल! ही परंपरा जुनी आहे आणि बरेच संशोधनातले दोस्ताने म्हणे त्या बसमध्येच जमतात.

गटांवरून आठवलं, डेव्हिड टॉल वगैरेंनी १९८५ च्या आसपास इथेच 'प्रगत गणिती विचार' हा गट सुरू केला, कॉलेजातल्या गणिताकडे बघणारा. त्याआधी जणू सगळी अडचण दहावीला संपते अशीच समजूत होती. बीएस्सीला लिमिटची व्याख्या ज्यांना झेपली नाही त्यांना कळेल मी काय म्हणते ते.

नावात मानसशास्त्र आहे, मग सगळं मानसशास्त्रच असतं का?

आता नाही, आणि माझ्या मते या परिषदांच्या इतिहासातली सगळ्यात रंजक गोष्ट हीच आहे.

पहिल्या दहा-बारा वर्षांतले पेपर बघा. एक मूल, एक संशोधक, एक उदाहरण, समोर टेपरेकॉर्डर. मुलांचा विचार कसा घडतो याचा अभ्यास करणारे स्विस मानसशास्त्रज्ञ पियाजे यांची छाया मोठी. जेरार व्हेर्न्यो, तिसरे अध्यक्ष, ते पियाजेच्याच हाताखाली शिकलेले. प्रश्न एकच, पोराच्या डोक्यात काय चाललंय. मग हळूहळू लोकांच्या लक्षात यायला लागलं की पोर एकटं नसतं. त्याच्या शेजारी बाकावर कोणीतरी असतं, समोर शिक्षक असतो, घरी भाषा वेगळी असते, मुलगी असेल तर 'तुला काय करायचंय एवढं गणित' असं ऐकवणारं कोणीतरी असतं. रशियन मानसशास्त्रज्ञ विगोत्स्की यांचं नाव पेपरांत वाढायला लागलं. नव्वदच्या दशकात स्टीफन लर्मन अध्यक्ष होते, त्यांनी या बदलाला नावच दिलं, सामाजिक वळण.

पण संघटनेच्या उद्दिष्टांत लिहिलेलं होतं 'मानसशास्त्रीय अंगं'. मग समाज, भाषा, सत्ता यावरचा पेपर इथे बसतो की नाही? यावर बरीच वर्षं वादावादी झाली. शेवटी २००५ च्या सुमारास घटनेत बदल झाला आणि आता तिथे 'मानसशास्त्रीय आणि इतर अंगं' असं आहे. 'आणि इतर'. एवढ्या वर्षांच्या भांडणाचं फळ म्हणजे हे दोन शब्द! नाव मात्र तसंच ठेवलं, ओळख झालेलं नाव कोण बदलतं.

या सगळ्याचा वर्गात उपयोग काय?

मला झालेला सांगते. सहावीत एका मुलाने ४.६३ हे ४.८ पेक्षा मोठं लिहिलं. मी आधी फुली मारून 'लक्ष दे' लिहायचे. आता माहितीय की ही चूक निष्काळजीपणाची नाही, जगभर सापडते, मूल दशांश चिन्हाच्या उजवीकडची संख्या पूर्ण संख्या म्हणून वाचतं, ६३ हे ८ पेक्षा मोठंच आहे. मेलबर्नच्या के स्टेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलंय. याच्या उलटी चूकही असते, जितके अंक जास्त तितकी संख्या लहान असं मानणारी मुलं. दोघांना एकच औषध देऊन चालत नाही. आणि आपला लाडका उपाय, रुपये-पैसे, तो पहिल्या मुलाला मदत करतोच असं नाही, कारण तो 'चार रुपये त्रेसष्ट पैसे' म्हणतो आणि दुसरीकडे 'चार रुपये आठ पैसे'.

दुसरं फिशबाइन यांचं, १९८५ चं, इटलीतल्या मुलांवरचं. १५ मित्रांनी मिळून ५ किलो बिस्किटं घेतली, प्रत्येकाला किती? बरीच मुलं १५ भागिले ५ करतात. कारण आत खोलवर बसलेलं असतं की भागताना मोठ्याला लहानाने भागायचं, आणि गुणलं की वाढतं, भागलं की कमी होतं. हे आपणच तिसरीत शिकवलेलं असतं, आणि तेव्हा ते खरंही असतं.

आणि एक मोठ्यांसाठी: एका कॉलेजात प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी आहेत, विद्यार्थी 'व', प्राध्यापक 'प', समीकरण लिहा. ६व = प लिहिलंत? अमेरिकेत इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला असलेल्यांपैकी तीनातल्या एकाहून जास्त जण चुकले होते. स्टाफरूममध्ये विचारून बघा, पण आधी चहा पाजा.

भारतात कधी झाली का पीएमई?

मुख्य परिषद नाही झालेली. पण आपल्याकडून लोक जातात, विशेषतः मुंबईत मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातून. हे केंद्र १९७४ पासूनचं, टीआयएफआरचा (टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा) भाग. बहुतेकांना ते ऑलिम्पियाडमुळे माहीत असतं, पण तिथे मुलांच्या गणिती विचारांवर फार चांगलं संशोधन चालतं. मुंबईच्या वस्त्यांमध्ये घरगुती उद्योगांत हातभार लावणाऱ्या मुलांना काय काय हिशोब येतात यावरही तिथे काम झालंय, म्हणजे रेसिफेचं आपलं भावंडच.

याच केंद्राची स्वतःची एक परिषद आहे, एपिस्टीम, विज्ञान, तंत्रज्ञान आणि गणित शिक्षणाच्या संशोधनावरची. पहिली डिसेंबर २००४ ला गोव्यात, दोना पावलाला झाली, पुढे मुंबईत भरत आलीय. परदेशी जायला पैसे नसलेल्यांनी आधी इथे डोकवावं.

'वीस एक, वीस दोन' हा वाद याच लोकांनी आणला का?

नाही हो, पीएमईचा त्यात हात नाही, पण मुद्दा याच घरातला. २०१९ ला बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीस, बावीस सोबत वीस एक, वीस दोन असं वाचन आलं आणि महाराष्ट्रभर गदारोळ झाला, विधानसभेत विनोदसुद्धा झाले. बालभारतीच्या गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की जोडाक्षरं आणि उलटा क्रम यामुळे लहान मुलं अडखळतात. त्यांचं म्हणणं हवेतलं नव्हतं. चिनी, जपानी, कोरियनमध्ये अकराला 'दहा एक' असंच म्हणतात आणि याने स्थानिक किंमत समजायला मदत होते का यावर संशोधनाचा ढीग आहे, दाक्षिणात्य भाषांतही क्रम सरळ. उलट मराठीत 'त्रेसष्ट' ऐकून आधी ३ लिहायचा की ६, हा प्रश्न सहा वर्षांच्या मुलाला रोज पडतो. सगळ्यांनी नवी नावं घ्यावीत असं मी म्हणत नाही, मला स्वतःला 'पंच्याहत्तर' आवडतं, पण थट्टा करण्याआधी पहिलीच्या वर्गात एक तास बसायला काय हरकत होती?

पीएमई-एनए वेगळी का?

ती उत्तर अमेरिकेची शाखा. १९७९ ला अमेरिकेत इव्हान्स्टनला पहिली भेट झाली, तेव्हापासून त्यांची वेगळी वार्षिक परिषद. कधीकधी दोन्ही एकत्र भरतात, जसं होनोलुलू २००३, मोरेलिया २००८, व्हँकुव्हर २०१४.

खर्च झेपत नाही, काही मदत मिळते का?

स्केम्प यांच्या नावाचा एक निधी आहे, ज्या देशांतून फार कमी लोक येतात तिथल्यांना यायला हातभार लावण्यासाठी. पण आधी पेपर लिहावा लागतो!

जुने पेपर कुठे वाचायचे, आणि सुरुवात कुठून करू?

जुनी बरीच प्रोसीडिंग्ज अमेरिकेच्या एरिक या सरकारी शैक्षणिक भांडारात फुकट आहेत, टाइपरायटरवर टाइप केलेली, मध्ये मध्ये हाताने काढलेल्या आकृत्या, स्कॅन थोडं तिरकं. संघटनेच्या साइटवरही मिळतात. सगळं वाचायच्या भानगडीत पडू नका, चार-चार खंड असतात. आपल्या वर्गातली एक चूक धरा, समजा मुलं १/२ + १/३ = २/५ लिहितात ती, आणि अपूर्णांकांवरचे आठ-आठ पानांचे चार पेपर शोधा. त्यात मुलांची संभाषणं जशीच्या तशी दिलेली असतात. मी आधी तेवढीच वाचते, सिद्धांताचा भाग नंतर, बऱ्याचदा दुसऱ्या चहाबरोबर.